‘ऐकत नाही’ म्हणजे काय?

आपल्या मराठीत एक मोठी सोय आहे, आणि तीच कधीकधी मोठी गैरसोय होऊन बसते. ‘मुलगा ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो सांगितलेले मानत नाही असाही अर्थ होतो आणि त्याला ऐकू येत नाही असाही होतो. माझा व्यवसाय कान-नाक-घशाचा. पुण्यात माझा दवाखाना आहे, आणि हे वाक्य मी आठवड्यातून चार-सहा वेळा तरी ऐकतो. आईवडील मुलाला घेऊन येतात ते बहुधा सर्दीसाठी, नाहीतर रात्री घोरतो म्हणून. तपासणी होते, औषध लिहून होते आणि निघता निघता, एक हात दारावर ठेवून आई म्हणते, “आणि डॉक्टर, हल्ली हा मुळीच ऐकत नाही हो!” तिच्या मनात पहिला अर्थ असतो. मी मात्र त्यांना पुन्हा खुर्चीवर बसायला सांगतो.

कान वाहणे म्हणजे काय हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. उशीला डाग पडतो, वास येतो, मूल रडते. घरातली माणसे धावपळ करतात. मी आज सांगणार आहे तो विकार याच्या अगदी उलट्या स्वभावाचा आहे. यात कानातून थेंबही बाहेर येत नाही. दुखत नाही, ताप नाही. पडदा शाबूत असतो आणि त्याच्या आतल्या बाजूला पाणी साचलेले असते, कधी पातळ, तर कधी खळीसारखे दाट. विलायतेत याला ‘ग्लू इअर’ म्हणजे डिंकाचा कान असेच म्हणतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. दिसते ते एवढेच, की मुलगा ‘ऐकत नाही’.

हे पाणी येते कुठून? आंघोळीचे पाणी कानात जाऊन ते आत साठले, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे होत नाही. पडदा शाबूत असला, तर बाहेरचे पाणी आत जायला वाटच नाही. पडद्यामागे एक इवलीशी खोली आहे. तीत हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. रिकीब तर जेमतेम तीन मिलिमीटरची, सबंध शरीरातले सर्वांत लहान हाड. पडदा हलला की ही साखळी हलते आणि आवाज आतल्या कानाला पोचतो. हे सगळे नीट चालायचे, तर त्या खोलीत हवा हवी आणि तिचा दाब बाहेरच्या हवेइतका हवा. त्यासाठी निसर्गाने एक नळी ठेवली आहे. ती मधल्या कानातून निघून नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टेकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले, म्हणून तिला युस्टेशियन नळी म्हणतात.

या नळीची ओळख तुम्हां-आम्हांला खंडाळ्याच्या घाटात होते. मुंबईकडे उतरताना कानांना दडे बसतात, आपण आवंढा गिळतो, ‘टक्’ असा आवाज होतो आणि कान मोकळे होतात. तो ‘टक्’ या नळीचा. एरवी ती मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि तेवढ्यात ताजी हवा आत जाते.

मोठ्या माणसाची नळी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते आणि कानाकडून घशाकडे चांगली उतरती असते. तान्ह्या मुलाची जवळजवळ निम्मीच, आणि बरीचशी आडवी. तिचे स्नायूही अजून कच्चे. त्यात पावसाळ्यातली सर्दी एक संपली की दुसरी. भरीला नाकामागे अ‍ॅडिनॉइड नावाची मांसल गाठ असते. ती लहानपणी सगळ्यांनाच असते, काहींची फार वाढते आणि नळीच्या तोंडाशीच ठाण मांडून बसते. नळी उघडेनाशी झाली की आतली हवा अस्तरात शोषली जाते, खोलीत ओढ निर्माण होते, पडदा आत खेचला जातो आणि अस्तरातून पाणी पाझरू लागते. घागर रिकामी असताना थाप मारली तर कशी घुमते आणि भरलेली असताना कशी ठप्प वाजते, ते आठवा. तीच गत पडद्याची होते.

याने माणूस ठार बहिरा होत नाही, आणि घोटाळा नेमका इथेच आहे. ठार बहिरेपणा घरात लक्षात येतो. इथे साधारण पंचवीस डेसिबलांचा फरक पडतो, काहींना पस्तीसच्याही वर. आकड्यांनी बोध होत नसेल तर दोन्ही कानांत बोटे घट्ट घालून घरातल्या माणसांचे बोलणे ऐकून पाहा. कोणीतरी बोलते आहे हे कळते, दारावरची घंटा कळते, रागावलेला आवाज तर हमखास कळतो. जातात ती मुळातच हलकी असलेली अक्षरे. स, श, फ यांचा नुसता वारा वाहतो. शिवाय आज बरे, उद्या वाईट असा हा प्रकार. सर्दी उतरली की मूल चार दिवस छान ऐकते आणि मग घरातले म्हणतात, “बघा, मनात असलं की ऐकू येतं ह्याला!”

दुसरीतला एक मुलगा मला चांगला आठवतो. शाळेच्या वहीत बाईंचा शेरा होता: ‘लक्ष नाही. स्वप्नात असतो.’ गणिताची वही त्याच्या वडिलांनी मला पुरावा म्हणून दाखवली. तोंडी सांगून घातलेली गणिते जवळजवळ सगळी चूक, फळ्यावर लिहून दिलेली जवळजवळ सगळी बरोबर! बाईंनी ‘साठ’ म्हटले तिथे याने ‘आठ’ लिहिले होते, आणि पुढची आकडेमोड आठाच्या हिशेबाने बिनचूक केली होती. वडील बँकेतले, हिशेबाचे पक्के. पण आकड्यांतली ही गोम त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्याला पुढल्या वर्षी शिस्तीच्या वसतिगृहात ठेवायचे घाटत होते. मुलगा खाली मान घालून बसला होता. आपण वाईट आहोत, हे त्याने एव्हाना मान्य करून टाकले होते.

त्याच्याबरोबर आजी आल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, स्वतः कानाने जड. त्या म्हणाल्या, “अहो डॉक्टर, मी ह्यांना केव्हाचं सांगत्येय. मला ऐकू आलं नाही की मी नुसती हसून ‘हो हो’ म्हणते. हा पण तस्संच करतो. माझी नक्कल करतो म्हणून सूनबाई त्याला रागावते. नक्कल नाही हो ती!” माझ्याकडे महागडी यंत्रे आहेत, पण त्या दिवशी रोगाचे निदान आजींनी आधीच केले होते. यंत्रांनी फक्त सही केली.

यंत्रांविषयी थोडे सांगतो, कारण पालकांना त्यांची उगीच धास्ती वाटते. दुर्बिणीतून पाहिले की निरोगी पडदा मोत्यासारखा चमकतो. पाणी असलेला पडदा मळकट, पिवळसर दिसतो, कधी आत बुडबुडेही दिसतात. मग टिंपॅनोमेट्री. कानाच्या तोंडाशी मऊ बूच लावून हवेचा दाब किंचित कमी-जास्त करतात आणि पडदा कितपत हलतो ते यंत्र कागदावर काढते. काही सेकंदांचे काम, दुखत नाही. निरोगी कानाचा आलेख डोंगरासारखा येतो आणि पाणी असलेल्या कानाचा सपाट माळासारखा. पुढच्या खेपेला येताना मुलेच विचारतात, “आज डोंगर आला का?” चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याचे मोजमापही घेता येते. ‘जन्मला तेव्हा तपासणीत कान चांगले होते’ असे सांगून काही पालक ही तपासणी टाळू पाहतात. ती तपासणी खरी. पण हे पाणी पुढे केव्हाही येते.

आता उपचार. प्रथम हे सांगतो की, हा विकार दुर्मिळ नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा अंदाज असा की, शाळेत जाण्यापूर्वी दहांपैकी नऊ मुलांच्या कानात केव्हा ना केव्हा असे पाणी साठून जाते. त्यातल्या बहुतेकांच्या आईवडिलांना ते कळतही नाही, कारण ते आपोआप जिरते. कान दुखून आल्यानंतर साठलेले पाणी तीन महिन्यांत चारांपैकी तीन मुलांचे तरी जाते. म्हणून पहिला उपचार म्हणजे तीन महिने थांबणे. हे ऐकून पालकांचे चेहरे पडतात. इतके पैसे मोजून आलो आणि डॉक्टर म्हणतात थांबा! मग ते औषध मागतात आणि पुष्कळ डॉक्टर ते देतातही: सर्दीच्या गोळ्या, नाकातले थेंब, अँटिबायोटिकची एक बाटली संपली की दुसरी. माझे मत स्पष्ट आहे. या पाण्यावर या औषधांचा उपयोग होत नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले, त्यांतही ही औषधे या कामासाठी देऊ नयेत असेच सांगितले आहे. स्टेरॉइडची परीक्षा इंग्लंड आणि वेल्समध्ये ३८९ मुलांवर झाली. तिचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ॲलर्जी वेगळी असेल किंवा कानात पू झाला असेल, तर गोष्ट निराळी.

आणि तेल? दिवाळी तोंडावर आली आहे, घरोघर अभ्यंगाची तयारी चालली असेल, तेव्हा हे सांगतोच. लसूण घालून कढवलेले तेल, कोमट तेल, कांद्याचा रस, यांतले काहीही पडद्यामागे पोचत नाही. दारावर तेल ओतून आतल्या खोलीतली जमीन पुसली जात नाही, तसेच हे. गरम तेलाने कान भाजलेली मुले मात्र मी पाहिली आहेत.

एक घरगुती उपाय तेवढा ऐकण्यासारखा आहे. नाकपुडीला फुगा लावून दुसरी नाकपुडी बंद करायची आणि नाकाने फुगा फुगवायचा! यासाठी खास फुगा मिळतो. त्या जोराने हवा नळीवाटे कानात शिरते. ब्रिटनमध्ये चार ते अकरा वर्षांच्या ३२० मुलांवर हा प्रयोग झाला आणि २०१५ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी फुगा फुगवणाऱ्यांत सुमारे निम्म्यांचा आलेख सुधारला होता, न फुगवणाऱ्यांत दहांपैकी चारांहून किंचित कमी जणांचा. फार मोठा चमत्कार नव्हे, पण निरुपद्रवी आहे आणि मुलांना यात मजा वाटते. सर्दीने नाक भरलेले असताना मात्र करू नये.

थांबायचे म्हणजे विसरायचे नव्हे. या तीन महिन्यांत घरात आणि शाळेत काही करण्यासारखे असते. मुलाशी बोलताना त्याच्यासमोर जावे, त्याचे लक्ष आपल्याकडे वळल्यावर बोलावे, स्वयंपाकघरातून हाका मारू नयेत. दूरदर्शन संच बंद करून बोलावे. वर्गात त्याला पुढच्या बाकावर बसवण्याची विनंती करावी. मी त्यासाठी चिठ्ठी लिहून देतो आणि बहुतेक शिक्षिका ती आनंदाने मानतात. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर ती बंद व्हायला हवी, कारण त्या धुराने मुलांच्या कानाचे विकार वाढतात हे दिसून आले आहे. तान्ह्याला आडवे निजवून बाटलीने दूध पाजू नये.

थांबण्याने मुलाचे कायमचे नुकसान होईल का, ही भीती साहजिक आहे. याचे उत्तर पिट्सबर्ग इथले डॉ. जॅक पॅराडाइज आणि त्यांचे सहकारी यांनी मोठ्या चिकाटीने शोधले. तीन वर्षांच्या आतल्या, एरवी धडधाकट अशा ४२९ मुलांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाच्या कानात लगेच नळी बसवली, दुसऱ्याची जरूर तर नऊ महिन्यांपर्यंत वाट पाहिली. २००१ साली त्यांनी पहिला निष्कर्ष सांगितला: तिसऱ्या वर्षी दोन्ही गटांच्या बोलण्यात आणि बुद्धीत फरक नव्हता. पुढे मुले नऊ ते अकरा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हाही नव्हता. परदेशी जायचे आहे, विम्याची मुदत संपते आहे, म्हणून ‘उरकून टाका’ म्हणणारे पालक येतात, त्यांना मी हीच हकीकत सांगतो. अशाच एका मुलीची शस्त्रक्रिया मी नाकारली होती. अडीच महिन्यांनी तिच्या दोन्ही कानांचे डोंगर उभे राहिले.

पण ज्यांना थांबता येत नाही अशीही मुले आहेत. टाळू दुभंगलेल्या मुलांत नळी उघडणारे स्नायूच दुबळे असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत नळी अरुंद असते. ज्यांचे बोलणे आधीच मागे पडले आहे किंवा दृष्टी अधू आहे, त्यांना पंचवीस डेसिबलही परवडत नाहीत. त्यांच्याबाबतीत निर्णय लवकर घ्यावा लागतो. आणि तीन महिने उलटूनही जे पाणी टिकते, ते सहजासहजी जात नाही. ‘थांबा’ एवढेच ऐकून जाणारे आणि दोन वर्षांनी उगवणारे पालक मला फार बोचतात. तोवर कधीकधी पडदा आत ओढला जाऊन हाडांना चिकटलेला असतो, क्वचित हाडे झिजवणारा रोगही मूळ धरतो, आणि मग छोट्या कामाचे मोठे काम होते.

छोटे काम म्हणजे ग्रोमेट. ताडपत्रीच्या भोकाला दोरी ओवण्यासाठी धातूची कडी असते ना, इंग्रजीत तिला हेच नाव आहे. पडद्याला भोक पाडून ऐकू यायला लावण्याची कल्पना जुनी आहे. लंडनचे सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी ती करून दाखवली आणि १८०१ साली त्याबद्दल रॉयल सोसायटीचे पदक मिळवले. अडचण एकच होती. पडदा स्वभावाने हट्टी, पाडलेले भोक तो थोड्याच दिवसांत बुजवून टाकी. व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलित्झर यांनी पुढे भोकात रबराची कडी बसवून पाहिली, पण ती टिकेना. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी १८६८ साली नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडचा आणि ऐकू न येण्याचा संबंध दाखवून दिला. पुढे १९५४ साली अमेरिकेत बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी प्लॅस्टिकची बारीक नळी बसवली, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली.

ही नळी पाणी काढण्यासाठी असते असे सर्वांना वाटते. पाणी तर शस्त्रक्रियेच्या वेळीच ओढून काढतात. नळी असते ती हवा आत सोडण्यासाठी. पत्र्याच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले, तर तेल अडखळत येते. समोर दुसरे पाडले की धार लागते, कारण हवेला वाट मिळते. मिटून राहिलेल्या नळीचे काम ही एक मिलिमीटर भोकाची कडी करते. मुलाला पूर्ण भूल देतात, दहा-पंधरा मिनिटांत काम होते आणि संध्याकाळी मूल घरी जाते. चार वर्षांच्या पुढच्या मुलाचे अ‍ॅडिनॉइड वाढलेले असेल, तर तेही त्याच वेळी काढतात. त्याने पाणी पुन्हा साठण्याचा संभव कमी होतो.

दुसरीतल्या त्या मुलाचे तीन महिने भरले, आलेख माळच राहिला, दोन्ही कानांत पस्तीस डेसिबलांचा फरक होता. त्याला ग्रोमेट बसवले. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. तो घाबरला होता. नळ केवढ्याने वाजतो, पिशवीचा कागद केवढ्याने वाजतो! “आई, तू ओरडू नको ना,” असे तो तिला म्हणाला. आणि ती ओरडत नव्हती. गेले वर्षभर ज्या पट्टीत बोलायची सवय झाली होती, त्याच पट्टीत बोलत होती. हे सांगताना तिचा आवाज भरून आला. वसतिगृहाचा विषय पुढे निघाला नाही.

प्रौढांसाठीही दोन शब्द. सर्दीनंतर किंवा विमानप्रवासानंतर मोठ्या माणसाच्या कानातही पाणी साठू शकते, ते बहुधा काही आठवड्यांत जाते. पण एकाच कानात, कारण नसताना पाणी साठले आणि जात नाही असे दिसले, तर नाकामागचा भाग दुर्बिणीने तपासून घ्यावा. तिथल्या कर्करोगाची पहिली खूण कधीकधी एवढीच असते. आपल्याकडे तो विरळा आहे, ईशान्य भारतात, विशेषतः नागालँडमध्ये, बराच आढळतो. तपासणी पाच मिनिटांची असते, ती टाळू नये.

ग्रोमेट बसवलेल्या मुलांच्या आईवडिलांचे प्रश्न ठरलेले असतात. पोहता येईल का? स्वच्छ तलावात, वरच्या वर पोहायला बहुतेकांना हरकत नाही. खोल बुडी मारू नये आणि गढूळ पाण्यात उतरू नये. नहाताना साबणाचे पाणी कानात जाऊ देऊ नये. तेल तर आता मुळीच घालायचे नाही, कारण पडद्याला खरोखरच भोक आहे! केसांना लावा, कानाच्या पाळीला लावा, आत नको. कान वाहू लागला तर घाबरू नये. असे पुष्कळांना होते आणि कानात घालण्याच्या अँटिबायोटिक थेंबांनी बरे होते. ते थेंब मात्र डॉक्टरने दिलेलेच हवेत. आणि नळी काढायची केव्हा? बहुतेकदा काढावीच लागत नाही. सहा महिने ते दीड वर्षात पडदा तिला आपणच बाहेर ढकलतो आणि ती मळाबरोबर येऊन पडते, कधी कानात, कधी उशीवर. एका मुलाने ती काडेपेटीत कापूस घालून मला दाखवायला आणली होती. नळी सापडली नाही तरी चालेल, पण ती पडल्यावर एकदा कान दाखवून जावे. भोक बुजले की नाही ते पाहावे लागते, आणि आलेख पुन्हा एकदा काढावा लागतो.